चिक चॉकलेट : एक उपेक्षित संगीतकार

आमच्या नंदुरबारच्या रस्त्यावरून वरात निघाली, की बँडमधल्या ट्रम्पेटचा सूर सर्वांआधी घरात येऊन पोहोचतो. वाजविणाऱ्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासातही असेच घडले आहे. त्याचे ठळक उदाहरण म्हणून आम्ही येथे चिक चॉकलेट यांचे स्मरण करीत आहो.

त्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालचा, गोव्यातील हळदोणे गावचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. ही विद्या घेऊन अनेक गोमंतकीय मुंबईस आले आणि मोठ्या हॉटेलांतून जाझ वाजवू लागले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेल्या या संगीतात वादक ऐन वेळी नवी सुरावट रचतो. आपल्या गवयांच्या उपजेशी त्याचे नाते सहज जुळते. लुई आर्मस्ट्राँग हे त्यातील थोर ट्रम्पेटवादक. चिक यांचा आदर्श तेच. म्हणूनच लोक त्यांना ‘हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा ताफा वाजे.

रात्री हॉटेलात वाजविणारे असे वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांजवळ चालींचे भांडार होते. परंतु पाश्चात्त्य वाद्यांपैकी कोणी, कोठे, काय वाजवावे हे कागदावर उतरविणारा जाणकार हवा होता. तो त्यांना चिक यांच्या रूपाने लाभला. भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) आठवून पाहावा. त्यातील ट्रम्पेटची ठसकेबाज साद वगळली, तर चाल उरेल. पाय थिरकविणारी नशा उरणार नाही. एका गाण्यात तर चिक यांचा ताफाच पडद्यावर दिसतो.

‘नादान’ (१९५१) व ‘रंगीली’ (१९५२) यांना त्यांनी स्वतः संगीत दिले. ‘कर भला’ (१९५६) मध्ये निसार बझ्मी जोडीस होते. हे चित्रपट आज विस्मृतीत गेले आहेत. १९६७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच, चिक वारले.

स्वतःच्या नावावर तीनच चित्रपट, म्हणून त्यांची योग्यता लहान ठरवावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. चाल बांधणे ही जशी निर्मिती, तशीच चालीभोवती वाद्यांची वास्तू उभारणे हीही निर्मितीच होय. सी. रामचंद्रांचे श्रेय यत्किंचितही कमी न करता हे मान्य करता येते. इतिहासाने केवळ जाहिरातीवरची नावे मोजली, तर तो अपुराच राहणार.

पुढची वरात दारावरून जाईल, तेव्हा ट्रम्पेट वाजविणाऱ्यास त्याचे नाव विचारावे, एवढीच आमची विनंती.