गोवा पावडर आणि सोरायसिस

गोवा पावडर गोव्यात तयार होत नसे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत या नावाने मिळणारी पिवळसर पूड नायट्यावरचा नामी इलाज मानली जाई. व्हिनेगरात किंवा लिंबाच्या रसात कालवून तिचा लेप चट्ट्यांवर देत. मुंबईतले औषधविक्रेते केम्प यांनी 1864 मध्ये तिच्याविषयी लिहिले. पण ती नेमकी कशापासून मिळते, याचा पत्ता तेव्हा कोणालाच नव्हता.

उलगड्याला सुरुवात 1874 मध्ये झाली. कलकत्त्यात नाव कमावलेले डॉ. जोसेफ फेयरर यांनी या पुडीच्या गुणांवर लिहिले. ते ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. दा सिल्व्हा लिमा यांच्या वाचनात आले आणि आपल्याकडची ‘अरारोबा’ ती हीच, हे त्यांनी ओळखले. अरारोबा हा शेंगा धरणाऱ्या कुळातला मोठा वृक्ष. त्याच्या खोडातल्या भेगांत नि पोकळ्यांत ही पूड साठते. झाड पाडून, खोड फोडून ती खरवडावी लागे आणि उडणाऱ्या भुकटीने मजुरांच्या डोळ्यांची आग होई. बाहियाहून पोर्तुगाल, तिथून गोवा आणि मग मुंबई असा तिचा प्रवास होता. गोव्याच्या वाट्याला आले ते फक्त नाव.

सोरायसिसशी तिची गाठ पडली ती चुकीच्या निदानातून. नायटा बुरशीमुळे होतो. सोरायसिस संसर्गजन्य नाही. त्यात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा बिथरते, त्वचा सुजते आणि एरवी सुमारे महिनाभर चालणारे पेशींचे नूतनीकरण काही दिवसांत उरकू लागते. त्यामुळे लाल चट्ट्यांवर रुपेरी खपल्यांचे थर चढतात. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांच्या एका रुग्णाने सोरायसिसलाच नायटा समजून गोवा पावडर लावली आणि चट्टे ओसरले. स्क्वायर यांनी हा अनुभव झटकून न टाकता त्याचा पाठपुरावा केला आणि 1876 मध्ये तो प्रसिद्ध केला. या कथेतले खरे श्रेय या चौकसपणाला द्यायला हवे. पुडीतल्या मुख्य द्रव्याला पुढे क्रायसारोबिन हे नाव मिळाले.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेनासा झाला. तेव्हा बायर कंपनीने क्रायसारोबिनशी रचनेत अगदी जवळचे कृत्रिम द्रव्य तयार केले. त्वचारोगतज्ज्ञ गालेव्स्की आणि उन्ना यांनी 1916 मध्ये त्याचे गुण जगापुढे मांडले. हेच डायथ्रॅनॉल. लीड्सचे त्वचारोगतज्ज्ञ जॉन इंग्रॅम यांनी 1953 मध्ये त्याला शिस्तीत बसवले: आधी डांबराच्या अर्काचे स्नान, मग अतिनील किरण, शेवटी झिंकयुक्त घट्ट लेपातून डायथ्रॅनॉल. रुग्णाला त्यासाठी काही आठवडे रुग्णालयात राहावे लागे. गुण चांगला येई. पण अंगावर तपकिरी, कपड्यांवर जांभळट डाग पडत आणि चट्ट्याबाहेरची त्वचा भाजल्यासारखी होई. पुढे लेप अर्ध्या तासात धुऊन टाकण्याची पद्धत आली, तेव्हा हा त्रास थोडा कमी झाला.

डाग न पाडणारी स्टिरॉइड मलमे 1950च्या दशकात आली, त्यानंतर मेथोट्रेक्सेट हे औषध, ‘ड’ जीवनसत्त्वाची मलमे आणि जैविक इंजेक्शने. सोरायसिस मुळापासून बरा करणारे औषध यांतले एकही नाही. आजार काबूत ठेवणे एवढेच त्यांना जमते. डायथ्रॅनॉल आता क्वचितच लिहून दिले जाते.