ठिपक्याला लागलेली पन्नास वर्षे

मंडला जिल्ह्यातल्या ककैया गावची शाळा. आठेक वर्षांच्या एका पोराचे वर्गात लक्षच लागेना. नंदलाल झारिया गुरुजींनी त्याला शाळा सुटल्यावर थांबवून घेतले, भिंतीवर एक ठिपका काढला आणि बाकी सगळे विसरून याच्याकडेच बघत बस, म्हणून सांगितले. वनखात्यात नोकरीला असलेल्या वडिलांचा हा मुलगा म्हणजे सय्यद हैदर रझा. तो ठिपका कॅनव्हासवर ठाण मांडून बसायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

मंडला तेव्हा मध्य प्रांतात, आणि प्रांताची राजधानी नागपूर. चित्रकला शिकायची तर वाट तिकडचीच. १९३९ साली रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि चार वर्षे राहिले. त्या काळचे कलाशिक्षण म्हणजे आधी हात बसवणे. माठ माठासारखा दिसला पाहिजे, सावली जिथल्या तिथे पडली पाहिजे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना ही शिस्त आजही ओळखीची वाटेल.

१९४३ मध्ये ते मुंबईला गेले आणि हात सुटला. फोर्टातल्या एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी, आणि कागदावर मुंबईचे रस्ते. जलरंगात रेषा विरघळू लागल्या. माणसे नुसत्या फटकाऱ्यांची झाली. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, हुसेन, आरा, बाकरे यांच्याबरोबर रझा होते, आणि तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडेही. गाडे नागपूर विद्यापीठाचे विज्ञान पदवीधर. सहांतले दोघे नागपूरचे पाणी प्यायलेले, हे मुंबईच्या कलेतिहासात जरा हळू आवाजातच सांगितले जाते!

गंमत पुढेच आहे. १९४८ मध्ये श्रीनगरात छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रे पाहिली, गुणांची दाद दिली, पण चित्रांत बांधणी नाही, चित्रकार सेझान अभ्यासा, असे बजावले. म्हणजे मोकळा झालेला हात पुन्हा आवळायचा. १९५० मध्ये रझा शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. १९५१ चे ‘हो द कान्य’ हे गावाचे चित्र पाहावे: घरे ठोकळ्यांसारखी घट्ट रचलेली, माणूस एकही नाही, आणि वर काळा सूर्य. गाव ओळखू येते, पण हुबेहूबपणा गेलेला आहे. पाघळणाऱ्या जलरंगांपेक्षा मला ही घट्ट चित्रेच जास्त धीट वाटतात.

१९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले असता तिथे चित्रकार रॉथकोची चित्रे समोर आली. त्यानंतर घरेही हळूहळू गेली, रंगांची धुमाळी उरली. तैलरंगाच्या जागी ॲक्रिलिक आले. सत्तरीच्या दशकाअखेर त्या धुमाळीतून काळा बिंदू वर आला आणि १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात तो थेट समोर उभा राहिला.

२३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत रझा गेले. दफन मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला, नर्मदेच्या गावी, वडिलांच्या कबरीशेजारी झाले.