मिरर डिस्कचा सर्व्हर व्हर्च्युअल होताना

एकच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहून ठेवण्याची, म्हणजेच मिररिंगची, पद्धत फिरत्या डिस्कवर कुणाचाच भरवसा नसल्यामुळे आली. टॅन्डम कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेल्या नॉनस्टॉप संगणकांत ती होती. एक मिनिटही बंद पडणे परवडत नाही अशा बँका हे त्यांचे गिऱ्हाईक. १९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधाने ‘रेड’ हे नाव रूढ केले आणि मिररिंगला त्यात पहिली पातळी मिळाली. खरे तर निबंधाचा रोख उलटा होता: निम्मी जागा प्रतीतच खर्ची पडत असल्याने मिररिंग महाग आहे, म्हणून पुढच्या पातळ्या वापराव्यात. लहान कचेऱ्यांनी मात्र पहिलीच पातळी उचलली, कारण तिला दोनच डिस्क पुरतात.

व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची, कल्पना याहून जुनी. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात तयार झालेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये वापरात आली. १९७२ मध्ये कंपनीने व्हीएम/३७० जाहीर केली. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरवर मात्र हे सरळ जमत नव्हते. त्याच्या काही सूचना व्हर्च्युअल मशीनवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीला कळू न देता वेगळेच उत्तर देत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा सूचना चालता चालता बदलून घेण्याची युक्ती वापरली. १९९९ मध्ये तिचे वर्कस्टेशन आले, २००१ मध्ये सर्व्हरसाठी ईएसएक्स. प्रोसेसरमध्येच सोय झाली ती २००५-०६ मध्ये.

तोवर प्रत्येक कामाला एक स्वतंत्र सर्व्हर, अशी सर्व्हर-खोल्यांची रीत पडली होती. यंत्रे जुनी झाली, नव्या यंत्रांवर विंडोज एनटीसारख्या प्रणालींचे ड्रायव्हर मिळेनात, आणि आतला प्रोग्राम पुन्हा बसवायचा तर तो लिहिणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला. आख्खा सर्व्हर आहे तसा उचलून व्हर्च्युअल करावा, ही गरज इथून निर्माण झाली. या कामाला ‘पी टू व्ही’ (फिजिकल टू व्हर्च्युअल) म्हणतात.

मिरर कोणी सांभाळला आहे, यावर हे काम अवघड की सोपे ते ठरते. मिरर रेड कंट्रोलर कार्डाचा असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला एकच डिस्क दिसते. ती नकलून घेतली की मिररचा विषय संपतो. सॉफ्टवेअर मिररचे तसे नाही. लिनक्सच्या एमडी रचनेत प्रत्येक भागावर मिररची नोंद असते. नोंदीच्या ०.९० आणि १.० या प्रकारांत ती शेवटी असल्याने एकटा भागही साध्या फाइल सिस्टिमसारखा वाचता येतो, १.२ मध्ये ती सुरुवातीजवळ असते, आणि खरी माहिती तिच्याही पुढून सुरू होते. एकाच भागाची नक्कल केली तर व्हर्च्युअल मशीन बहुधा सुरू होते, पण हरवलेल्या जोडीदाराची तक्रार करत राहते. यावर उपाय दोन: मिररची सदस्यसंख्या एकवर आणणे, किंवा फाइली साध्या डिस्कवर उतरवून बूटलोडर नव्याने बसवणे. दुसरा उपाय वेळखाऊ असला तरी स्वच्छ आहे.

मिररचा एक फायदा या कामात फार मोलाचा. सर्व्हर रीतसर बंद करून एक डिस्क काढून कपाटात ठेवली, की परतीची वाट तयार. चालू सर्व्हरमधून ती ओढणे मात्र धोक्याचे, कारण डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत सापडतो. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या चालवून पुन्हा जोडल्या, तर जुनी प्रत नवीवर चढण्याची भीती.

नक्कल झाली तरी खरी परीक्षा पहिल्या बूटला. नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल तर विंडोज ०x००००००७बी हा आकडा दाखवून निळ्या पडद्यावर थांबते. लिनक्समध्ये बूटच्या सुरुवातीला ड्रायव्हर पुरवणारे इनिटरॅमएफएस पुन्हा बांधावे लागते. नेटवर्क कार्ड बदलल्याने ईथ० चे ईथ१ होते. विंडोजमध्ये जुने, आता न दिसणारे कार्ड आयपी पत्ता अडवून बसते. २००७ चे व्हीएमवेअर कन्व्हर्टर आणि २००९ चे डिस्कटूव्हीएचडी ही साधने चालू सर्व्हरचीच नक्कल करू लागली, ती विंडोजच्या शॅडो कॉपीच्या आधाराने.

व्हर्च्युअल मशीनच्या आत पुन्हा मिरर करावा का? दोन्ही व्हर्च्युअल डिस्क एकाच साठवणीवर असतील तर त्यात जागेच्या नासाडीपलीकडे काही नाही. ती साठवण गेली की दोन्ही जातात. मिररची जागा आता होस्टवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या खऱ्या यंत्रावर, आणि तिथे तो पूर्वीपेक्षा जास्त गरजेचा, कारण एका डिस्कसोबत अनेक सर्व्हर बुडू शकतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर परवान्यांच्या अटी बदलल्या आणि बरेच ग्राहक प्रॉक्समॉक्ससारख्या पर्यायांकडे वळले. हे स्थलांतर एका व्हर्च्युअल मशीनवरून दुसऱ्यावर होते. तरी नव्या ठिकाणच्या व्हर्च्युअल डिस्कसाठी लागणारा व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधी बसवला नसेल, तर विंडोज आजही त्याच निळ्या पडद्यावर थांबते.