वांटणीचा घास

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या आणि तहांच्या तारखा ठळकपणें छापल्या जातात. घरोघरच्या चुलीवर काय शिजलें आणि उकिरड्यावर काय गेलें, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. ब्रिटनमधील शिधावांटपाचा काळ हा या नियमाला अपवाद आहे. जानेवारी १९४० पासून जुलै १९५४ पर्यंत, म्हणजे सुमारें साडेचौदा वर्षें, तेथील सरकारनें प्रत्येक कुटुंबास जिन्नस मोजून दिले, ताटांतील उष्ट्याचाही जाब विचारला. आणि शेवटीं असें दिसून आलें कीं, राष्ट्र साधें खाऊन पूर्वींपेक्षां निरोगी झालें. हें केवळ काटकसरीनें झालें नाहीं. त्याचें खरें कारण कोणतें, हें समजून घेणें आजच्या गृहस्थासही उपयोगाचें आहे.

युद्धापूर्वीं ब्रिटन आपल्या अन्नाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग समुद्रापलीकडून आणीत असे. कॅनडाचा गहूं, न्यूझीलंडचें लोणी, डेन्मार्कचें खारवलेलें मांस, वेस्ट इंडीजची साखर यांवर तेथील भोजनगृहें सजत. परंतु ताटें सर्वांचीं सारखीं नव्हतीं. १९३६ सालीं जॉन बॉइड ऑर यांनीं अन्न, आरोग्य आणि उत्पन्न यांच्या संबंधाची पाहणी प्रसिद्ध केली. तीवरून असें दिसलें कीं, जवळजवळ निम्म्या लोकांचा आहार पूर्ण आरोग्यास पुरेसा नव्हता. आणि सर्वांत गरीब अशा ४५ लाख माणसांच्या आहारांत तपासलेलें प्रत्येक पोषक द्रव्य कमी पडत होतें. एका घरीं अन्न टाकलें जात होतें, दुसऱ्या घरीं मुलाला मुडदूस झालेला होता. सुबत्ता होती, पण ती पाझरत नव्हती.

युद्ध सुरू झालें आणि जर्मन पाणबुड्यांनीं धान्याचीं जहाजें बुडविण्यास आरंभ केला. ८ जानेवारी १९४० रोजीं लोणी, साखर आणि खारवलेलें डुकराचें मांस यांचें मापी वांटप सुरू झालें. एप्रिल १९४० मध्यें लॉर्ड वुल्टन हे अन्नमंत्री झाले. ते व्यापारी होते खरे, पण तारुण्यांत त्यांनीं लिव्हरपूलच्या गोदीजवळील दरिद्री वस्तींत समाजसेवा केली होती. भूक म्हणजे काय, हें त्यांनीं जवळून पाहिलेलें होतें. त्यांच्या खात्याचे शास्त्रीय सल्लागार सर जॅक ड्रमंड हे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. टंचाईच्या निमित्तानें साऱ्या राष्ट्राचा आहारच सुधारावा, असा या दोघांचा मनसुबा होता.

साखर बहुतेक काळ माणशीं आठवड्यास ८ औंस, म्हणजे सुमारें सव्वादोनशें ग्रॅम मिळे. चहा २ औंस. पाव, बटाटे व भाजीपाला यांवर मात्र युद्ध संपेपर्यंत बंधन घातलें गेलें नाहीं. पोट भरेल आणि शरीर पोसेल असें मोकळें ठेवावें, आणि जें जिभेचें कौतुक तें मापानें द्यावें, असें हें धोरण होतें.

जें मिळालें तें वायां जाऊं नये, यासाठीं १९४० सालींच अन्नाची नासाडी हा कायद्यानें गुन्हा ठरला. खरकट्याचीही व्यवस्था झाली. गल्लीच्या कोपऱ्यावर झांकणाचे डबे ठेवण्यांत आले. त्यांत भाजीच्या साली, देठ आणि उरलेले तुकडे टाकावयाचे. तें सारें उकळून डुकरांस खाऊं घालीत. लंडनच्या टॉटनहॅम भागांत हा माल इतक्या पद्धतशीरपणें तयार होई कीं, त्याला त्या भागाचें नांवच पडलें. हाडें वेगळीं ठेवीत, कारण त्यांपासून सरस, खत आणि दारूगोळ्यास लागणारें ग्लिसरीन मिळे. चिंध्या, डबे, रद्दी यांचीं गांठोडीं निरनिराळीं बांधावीं लागत; १९४२ सालीं तर रद्दी कागद जाळणें किंवा फेंकणें हेंही दंडास पात्र ठरलें. हल्लीं नगरपालिका ओला आणि सुका कचरा वेगळा करावयास सांगतात, तेव्हां तें नवें लोढणें वाटतें. लंडनच्या गृहिणी ऐंशीं वर्षांपूर्वीं बॉम्बवर्षावांत तेंच काम करीत होत्या.

परंतु हुकुमानें स्वयंपाक बदलत नसतो. त्यासाठीं गृहिणीशीं बोलावें लागतें. तें काम नभोवाणीनें केलें. जून १९४० पासून बीबीसीवर सकाळच्या बातम्यांनंतर पांच मिनिटांचें ‘स्वयंपाकघर आघाडी’ या अर्थाच्या नांवाचें भाषण होऊं लागलें. बाजारास निघण्यापूर्वीं गृहिणीच्या कानावर त्या दिवसाची युक्ति पडे. बटाटा सालीसकट उकडावा; पालेभाजी थोड्या पाण्यांत आणि थोडा वेळच शिजवावी; तें पाणी मोरींत न ओततां सारांत घालावें; शिळ्या पावाचें काय करतां येईल तें पाहावें. त्यांत उपदेशापेक्षां थट्टा अधिक असे. गर्ट आणि डेझी ही विनोदी जोडी श्रोत्यांच्या विशेष आवडीची होती. अंगणें आणि बागा खणून लोकांनीं भाजी लावली. लागवडीसाठीं भाड्यानें घेतलेल्या सार्वजनिक तुकड्यांची संख्या युद्धकाळांत १४ लाखांच्या घरांत गेली.

पावाची कथा विशेष बोधप्रद आहे. पांढराशुभ्र पाव ही प्रतिष्ठेची खूण होती. त्यासाठीं गव्हाचा कोंडा आणि अंकुर चाळून काढीत. १९४२ सालीं सरकारनें गव्हाचा ८५ टक्के भाग पिठांत ठेवण्याचा नियम केला. जहाजांतील जागा वांचावी, हा त्याचा पहिला हेतु होता. राखी रंगाच्या या ‘राष्ट्रीय पावा’स लोकांनीं यथेच्छ नांवें ठेविलीं, पण खाल्ला. चाळणींत जाणारीं जीवनसत्त्वें आणि तंतु पोटांत जाऊं लागले. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणाऱ्या सुगरणीची वाखाणणी होते. येथें तर एका सबंध राष्ट्रानें तो केला.

मुलांची काळजी वेगळी घेतली गेली. जुलै १९४० पासून गरोदर स्त्रियांस व पांच वर्षांखालील मुलांस रोज एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडें अधिक दूध स्वस्तांत आणि गरिबांस फुकट मिळूं लागलें. पुढें संत्र्याचा रस व कॉड माशाचें तेल आलें. शाळेंत दुपारचें जेवण घेणाऱ्या मुलांची संख्या १९४५ पर्यंत १६ लाखांवर गेली. इंग्लंड आणि वेल्समध्यें बॉम्बवर्षावाच्या १९४१ सालीं हजार जन्मांमागें सुमारें ६० अर्भकें दगावलीं; १९४५ सालीं हा आंकडा ४६ च्या आसपास, म्हणजे युद्धापूर्वींच्याही खालीं आला. याचें सारें श्रेय आहारास देणें न्याय्य होणार नाहीं. सर्वांस काम मिळालें, मजुरी वाढली, नवीं औषधें आलीं, त्यांचाही वांटा आहे. पण दुधाचा पेला गरिबाच्या मुलापर्यंत पोंचला, ही गोष्ट लहान नव्हे.

लोकांनीं हें सारें सोसलें तें कां? काळा बाजार होताच. श्रीमंत माणूस खाणावळींत जाऊन मापाबाहेर जेवूं शके, म्हणून १९४२ सालीं एका जेवणास ५ शिलिंगांची मर्यादा घालावी लागली. तथापि शिधापुस्तक राजवाड्यांतही होतें. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट १९४२ सालीं बकिंगहॅम राजवाड्यांत उतरल्या, तेव्हां स्नानाच्या टबांत पांच इंचांवर मर्यादेची रेघ ओढलेली त्यांस दिसली. शेजाऱ्याचें माप आपल्याएवढेंच आहे, हा भरंवसा असला म्हणजे माणूस अर्धी भाकरही समाधानानें खातो. तो भरंवसा नसेल, तर काटकसरीचा उपदेश गरिबास थट्टेसारखा वाटतो.

याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोंकास हा भरंवसा नव्हता, आणि त्याची किंमत भयंकर होती. १९४३ सालीं बंगालमध्यें तांदुळाचे भाव गगनास भिडले. कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगारांस धान्य पुरविलें गेलें. खेड्यांतील शेतमजूर, कोळी आणि कारागीर वाऱ्यावर राहिले. विलायतेकडे मागितलेल्या धान्याच्या मानानें फारच थोडें आलें. सरकारी चौकशी आयोगानें सुमारें १५ लाख मृत्यु मानले. नंतरच्या अनेक अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांच्या आसपासचा आहे. त्याच वर्षीं मुंबई शहरांत शिधावांटप सुरू झालें. शिधापत्रिकेच्या रांगांची कटकट तेव्हांपासून मराठी घरांच्या परिचयाची आहे. परंतु ती रांग बंगालच्या खेडुताच्या वांट्यास वेळेवर आली असती, तर लाखों जीव वांचले असते. ब्रिटनच्या स्वयंपाकघराची कौतुककथा ही दुसरी बाजू वगळून सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

शिध्याचा एक परिणाम तर सत्तर वर्षांनीं उजेडांत आला. सप्टेंबर १९५३ मध्यें साखर खुली झाली आणि तिचा खप जवळजवळ दुपटीस गेला. या सुमारास जन्मलेल्या सुमारें ६० हजार माणसांच्या आरोग्याची तुलना संशोधकांनीं केली. ती २०२४ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. गर्भावस्थेंत आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वांट्यास मोजकी साखर आली, त्यांच्यांत प्रौढपणीं मधुमेहाचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं आणि रक्तदाबाचा सुमारें २० टक्क्यांनीं कमी आढळला. आईबापांस जी वंचना वाटली, ती मुलांस आयुष्यभराची पुंजी ठरली.

शिधा उठला आणि संवयी हळूहळू सुटल्या. राखी पाव जाऊन पांढरा परत आला. गल्लींतले डबे नाहींसे झाले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत १०५ कोटी टन अन्न वायां गेलें, आणि त्यांतील सुमारें ६० टक्के हॉटेलांतून नव्हे, तर घरांतून गेलें.

युद्धाचा धाक आज नाहीं, आणि तो नसावा हेंच बरें. पण त्या काळच्या चार गोष्टी धाकावांचूनही करण्याजोग्या आहेत. लागेल तेवढेंच शिजवावें आणि मागेल तेवढेंच वाढावें. कणीक कोंड्यासकट मळावी. तान्ह्या मुलाच्या दुधांत कौतुकानें साखर घालूं नये. आणि खरकटें कागदाकांचेंत न मिसळतां वेगळें ठेवून त्याचें खत करावें. मात्र यांतील कोणताही नियम एकट्या गृहिणीच्या माथीं मारूं नये. घरांतील कर्त्या पुरुषाच्या पानांत उष्टें राहत असेल, तर मुलांस अन्न टाकूं नका म्हणून सांगण्यांत अर्थ नाहीं. राजाच्या टबांतही रेघ होती, म्हणूनच प्रजेनें ती मानली.