व्रत, खानावळ आणि एका शिलिंगाचे पुस्तक

गेल्या डिसेंबरात आमच्या घरात एक छोटासा पेच उभा राहिला. कॅनडात शिकत असलेली नात सुट्टीसाठी वडोदऱ्यास आली आणि पहिल्याच जेवणात तिने वरणभातावरचे तूप नाकारले. तूपच नव्हे, तर दूध, दही, ताक, मध यांपैकी काहीही आपण घेत नाही, असे तिने नम्रपणे पण ठामपणे सांगितले. तिची आजी दुखावली. "पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारीच आहोत आपण, आता आणखी काय सोडायचे राहिले?" हा तिचा प्रश्न. नातीने वाद घातला नाही. मात्र तिकडे गेल्यावर पहिले तीन महिने आपण बहुतेक पाव आणि उकडलेले बटाटे यांवरच काढले, हे तिने मागाहून मला एकट्यास सांगितले.

ते ऐकताच मला दुसऱ्या एका विद्यार्थ्याची आठवण झाली. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तोही असाच परदेशी गेला होता आणि तोही पावावर दिवस काढीत होता. त्याची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे; पण ती आपण बहुधा व्रतपालनाची कथा म्हणून वाचतो. ती आणखी एका गोष्टीची कथा आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. व्रत घेणारा एकटा असतो. परंतु ते टिकविण्यासाठी खानावळ लागते, पुस्तक लागते आणि चार माणसे लागतात.

मोहनदास गांधी सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून विलायतेस निघाले. निघण्यापूर्वी मातुःश्री पुतळीबाईंच्या समाधानासाठी त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य मानण्याची प्रतिज्ञा केली होती. प्रतिज्ञा भक्कम होती. पण तिच्यासोबत शिधा नव्हता. लंडनमधील आरंभीचे दिवस अर्धपोटी गेले. मीठ-मसाल्यावाचून उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरत नसत. सकाळी ओटच्या पिठाची लापशी पोटभर मिळे; पण दुपारी व रात्री पावाच्या दोन-तीन तुकड्यांवर भागवावे लागे आणि आणखी मागण्याचा संकोच वाटे. मांसाहाराचा आग्रह धरणाऱ्या एका स्नेह्याने तर बेंथमचा उपयुक्ततावादावरील ग्रंथ वाचून दाखवून प्रतिज्ञेची निरर्थकता पटवून देण्याचा यत्न केला. गांधींनी युक्तिवाद केला नाही. प्रतिज्ञा मोडता येत नाही, एवढेच ते म्हणत राहिले. येथवर ही निव्वळ निश्चयाची कथा आहे, आणि एवढ्यावरच ती राहिली असती तर तिचा शेवट काय झाला असता, हे सांगता येत नाही.

कथेस वळण मिळाले ते एका घरमालकिणीच्या बोलण्यातून. शहरात शाकाहारी खानावळी आहेत, असे तिने सांगितले. तेव्हापासून हा तरुण रोज दहा-बारा मैल पायपीट करीत त्यांचा शोध घेऊ लागला. अखेरीस फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यास अशी एक खानावळ सापडली. दाराशीच काचेआड काही पुस्तके विक्रीस मांडलेली होती. त्यांत हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे, १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक होते. गांधींनी ते एका शिलिंगास विकत घेतले आणि मग थेट भोजनगृहात प्रवेश केला. विलायतेत पाऊल ठेवल्यापासूनचे ते त्यांचे पहिले पोटभर जेवण.

पोट आणि बुद्धी या दोहोंची सोय एकाच दारात झाली, याला मी महत्त्व देतो. तोवर गांधी मांस खात नव्हते ते आईस दिलेल्या शब्दामुळे. एरवी सर्वच भारतीयांनी मांस खावे, असे त्यांस मनातून वाटत असे. सॉल्ट यांचे पुस्तक वाचल्यानंतर ते स्वेच्छेने शाकाहारी झाले. पुढे हॉवर्ड विल्यम्स यांनी लिहिलेला आहारविषयक नीतिविचारांचा इतिहास, डॉ. ॲना किंग्जफर्ड यांचे आहारावरील पुस्तक आणि डॉ. ॲलिन्सन यांचे आरोग्यविषयक लेखन त्यांनी वाचले. घरून येणाऱ्या मिठाया व मसाले बंद झाले. पूर्वी बेचव वाटणारी उकडलेली पालकाची भाजी आता रुचू लागली. चव जिभेत नसून मनात असते, हा निष्कर्ष त्यांनी यातूनच काढला.

आता प्रश्न असा की, मांसाहारी म्हणून आपण ज्या देशाकडे पाहतो तेथे ही खानावळ आणि हे पुस्तक आले कोठून? त्यामागे जवळजवळ ऐंशी वर्षांची खटपट होती. मँचेस्टरनजीकच्या सॅल्फर्ड येथे १८०९ मध्ये विल्यम काउहर्ड या धर्मोपदेशकाने आपल्या अनुयायांस मांसत्यागाचा उपदेश केला. उपदेश मानला, पण मग रांधायचे काय? या प्रश्नाचे उत्तर त्याच मंडळीतील मार्था ब्रदर्टन या गृहिणीने दिले. १८१२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले तिचे पाकक्रियांचे पुस्तक इंग्रजीतील पहिले शाकाहारी पाकपुस्तक समजले जाते. तिचे पती जोसेफ ब्रदर्टन पुढे पार्लमेंटचे सभासद झाले. ३० सप्टेंबर १८४७ रोजी रॅम्सगेट येथील एका जलोपचारगृहात शाकाहारी संस्थेची स्थापना झाली. लवकरच तिचे मुखपत्र निघाले, आणि शतकाच्या अखेरच्या दशकांत लंडनमध्ये स्वस्त शाकाहारी खानावळींची लाट आली. थोड्या पैशांत गरम जेवण मिळते म्हणून कारकून आणि दुकानांत काम करणाऱ्या मुलीही तेथे जेवीत. शाकाहाराच्या तत्त्वज्ञानाशी त्यांतील अनेकांस काही कर्तव्य नसेल. पण त्यांच्या गर्दीवर खानावळ चाले, आणि खानावळ चालली म्हणून एका उपाशी भारतीय विद्यार्थ्यास आसरा मिळाला.

या मंडळींत गांधी नुसते जेवून उठले नाहीत. १८९० मध्ये ते लंडनच्या शाकाहारी संस्थेच्या कार्यकारिणीवर गेले. बेझवॉटर भागात त्यांनी एक लहानसा शाकाहारी क्लब काढला. डॉ. जोसाया ओल्डफील्ड त्याचे अध्यक्ष, सर एडविन अर्नोल्ड उपाध्यक्ष आणि गांधी स्वतः चिटणीस. १८९१ मध्ये 'द व्हेजिटेरियन' या साप्ताहिकात त्यांनी भारतीय शाकाहारींवर लेखमाला लिहिली. त्यांचे प्रसिद्ध झालेले आरंभीचे लेखन ते हेच. सभा भरविणे, वर्गणी, ठराव, मतभेद असूनही सहकाऱ्याचा पक्ष घेणे, हे सार्वजनिक जीवनाचे प्राथमिक धडे त्यांनी भाजीपाल्याच्या निमित्ताने गिरविले. डॉ. ॲलिन्सन यांस त्यांच्या संततिनियमनविषयक मतांमुळे संस्थेतून काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ती मते मान्य नसतानाही गांधींनी त्यांच्या बाजूने निवेदन लिहिले. मात्र ते वाचून दाखविण्याचे धैर्य त्यांस झाले नाही. ते दुसऱ्याने वाचले.

जिथे असे साहाय्य हाताशी नव्हते, तिथे काय होत असे? याचे उत्तर आपल्याच समाजात आहे. गांधींच्या पाच वर्षे आधी, एप्रिल १८८३ मध्ये, अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने श्रीरामपूरच्या सभेत सांगितले होते, आणि फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीतही तिने आपला वेष व शाकाहार सोडला नाही. मावशीच्या मायेने सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाई तिला लाभल्या, हे खरे. पण अभ्यास, आजार आणि स्वतःच्या पथ्याचे रांधणे हा सारा भार तिच्या एकटीच्या शिरावर होता. मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने तिचा अंत झाला. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. तिच्या मृत्यूचा दोष आहारास देणे न्यायाचे होणार नाही. तरीही तिचे चरित्र वाचताना त्या एकाकीपणाने मन विषण्ण होते. तिचा निश्चय गांधींच्या निश्चयाहून तसूभरही कमी नव्हता. उणीव होती ती फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या त्या दाराची.

लंडनमधील आणखी दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. आरंभीच्या काळात तोच मांसाहाराचा आग्रही स्नेही गांधींस हॉबर्न रेस्टॉरंट या भव्य उपाहारगृहात घेऊन गेला. पहिलेच सूप समोर आले. ते शाकाहारी आहे काय, असे विचारण्यासाठी गांधींनी वाढप्यास बोलाविले. स्नेही संतापला, सभ्य समाजात वागता येत नसेल तर बाहेर जा, असे त्याने सुनावले. गांधी शांतपणे बाहेर पडले. जवळची शाकाहारी खानावळ बंद झालेली होती. ती रात्र उपाशीपोटी गेली. पुढे जून १८९१ मध्ये मायदेशी परतण्यापूर्वी त्यांनी आपल्या शाकाहारी मित्रांस निरोपाचे भोजन दिले, ते त्याच हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये. व्यवस्थापकाशी आधी बोलून त्यांनी संपूर्ण शाकाहारी जेवणाची व्यवस्था करविली होती. भाषण मात्र जमले नाही; आभाराचे एक वाक्य बोलून ते खाली बसले. अडीच वर्षांत उपाहारगृह बदलले नव्हते. पण विचारणारा आता एकटा राहिला नव्हता.

अंड्यांचा प्रश्नही असाच व्यवहारातून उभा राहिला. मांस म्हणजे काय, याच्या निरनिराळ्या व्याख्या त्या मंडळींत प्रचलित होत्या. त्यांतील एकीचा आधार घेऊन गांधींनी काही दिवस अंडी खाल्ली. मग आईच्या मनातील अर्थच प्रमाण मानून ती सोडली. त्यामुळे शाकाहारी खानावळीतही पुडिंगात वा केकमध्ये अंडे आहे काय, हे प्रत्येक वेळी विचारावे लागे. आपल्याकडे पुढे वेष्टनांवर हिरवा ठिपका छापणे बंधनकारक झाले. सरकारी नियमांवर टीका करण्याची आपणा सर्वांस सवय आहे, आणि मी स्वतः त्या यंत्रणेत आयुष्य घालविलेला माणूस. पण त्या हिरव्या ठिपक्याने किती लाजाळू माणसांचा संकोच वाचविला असेल, याचा विचार करावा. केवळ वनस्पतिजन्य पदार्थांसाठीही २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र चिन्ह आले.

येथे नातीचा प्रश्न येतो, आणि गंमत म्हणजे तोही गांधींस पडला होता. गायी-म्हशींचे दूध काढण्यासाठी होणाऱ्या क्रूर प्रकारांची माहिती मिळाल्यानंतर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. १९१८ मध्ये ते अतिसाराने मरणाच्या दारी पोहोचले. डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी सुचविले की, प्रतिज्ञा गायी-म्हशींच्या दुधाची आहे, शेळीच्या नव्हे. गांधींनी शेळीचे दूध घेतले. पण प्रतिज्ञेचे अक्षर पाळले आणि आत्मा गमावला, ही बोच त्यांस कायम राहिली. दुधाइतकाच पोषक व पचण्यास हलका असा वनस्पतिजन्य पर्याय कोणास अनुभवाने ठाऊक असल्यास कळवावे, अशी विनंती त्यांनी आत्मकथेत केली. फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांस जे मिळाले होते, ते या बाबतीत मिळाले नाही.

तो शोध पुढे इंग्लंडमध्येच नेटाने चालला. महायुद्धाच्या शिधावाटपात तेथील शाकाहारींस मांसाऐवजी जादा चीज मिळे. पण दूधही न घेणाऱ्यांस त्याचा काय उपयोग? डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकविणाऱ्या शिक्षकाने नोव्हेंबर १९४४ मध्ये अशा मूठभर मंडळींसाठी एक लहानसे पत्रक काढले. 'व्हेजिटेरियन' शब्दाची आद्य तीन व अंत्य दोन अक्षरे जोडून 'व्हीगन' हा शब्द त्यातून रूढ झाला. १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्व वेगळे करण्यात यश आले. हे जीवनसत्त्व जिवाणू निर्माण करतात; वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. म्हणून संपूर्ण वनस्पत्याहारी व्यक्तीने ते गोळीच्या रूपाने किंवा ते मिसळलेल्या अन्नातून घेतलेच पाहिजे. निश्चयाने रक्तातील उणीव भरून निघत नाही. त्यासाठी ज्ञान लागते. नातीस मी पहिला प्रश्न हाच विचारला. ती गोळी घेत होती, आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसरे काम तिच्या आजीने केले. रागाचे दोन दिवस सरल्यावर तिने वहीत पदार्थ लिहावयास घेतले: तेलावरचे पिठले, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कटाची आमटी, थालीपीठ, भरली वांगी, तिळाची चटणी, नारळाच्या दुधातील सोलकढी, अळूचे फदफदे. वही भरत गेली तशी तीच चकित झाली. दुधातुपाचा स्पर्श नसलेले इतके पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच होते. त्यांस कोणी निराळे नाव दिले नव्हते, इतकेच.

मराठीत पाकशास्त्राची पुस्तके नवी नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे, तर लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे. आपल्या मंडळातील सर्वच घरे शाकाहारी नाहीत, आणि कोणी काय खावे हे ठरविण्याचा अधिकार या लेखकास नाही. परंतु आपले पूर्वज गायकवाडांच्या काळी येथे आले, तेव्हा अनोळखी मुलखात त्यांस आधार दिला तो आधी स्थिरावलेल्या घरांनी आणि खानावळींनीच. आज आपली मुले त्याहून दूर जात आहेत. मंडळातील भगिनींनी आपापल्या घरच्या अशा पाककृती लिहून दिल्या, तर त्यांची एक छोटी पुस्तिका सहज होईल. परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलाच्या पेटीत ती ठेवता येईल.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर नातीच्या आजीने पिठल्याची कृती लिहिली आहे. खाली तिने स्वतःहून एक ओळ जोडली आहे: 'गोळी विसरू नये.'