ऑटोरिफ्रॅक्टोमीटर

डोळ्यातील वक्रीभवनदोष (पहा : दृष्टिदोष) अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने मोजून चष्म्याचा प्राथमिक नंबर देणारे संगणकीय यंत्र. यामागील एक मूलतत्त्व क्रिस्टोफ शायनर यांनी १६१९ मध्ये मांडले : दोन बारीक छिद्रांतून पाहताना डोळ्याचे केंद्रीकरण वस्तूवर झालेले नसेल, तर ती दुहेरी दिसते. १८७३ मध्ये फर्डिनां क्युइग्ने यांनी रेटिनोस्कोपी (दृष्टिपटलावरून परतणाऱ्या प्रकाशावरून नंबर ठरवण्याची पद्धत) वर्णिली. संगणकीय यंत्रे १९७० च्या दशकात प्रचारात आली.

रुग्ण हनुवटी आधारावर व कपाळ पट्टीला टेकवून आतील चित्र पाहतो. बहुधा ते रस्त्याच्या टोकाशी तरंगणाऱ्या फुग्याचे असते. ते मुद्दाम धूसर केले जाते, त्यामुळे जवळचे पाहण्यासाठी आवळलेला नेत्रभिंगाभोवतीचा स्नायू सैलावतो. बाहुलीतून आत जाऊन दृष्टिपटलावरून परतणाऱ्या प्रकाशाचे विश्लेषण करून यंत्र स्फेरिकल (गोलीय), सिलिंड्रिकल (दंडगोलीय) व ॲक्सिस (अक्ष) ही मूल्ये कागदी पट्टीवर छापते. पहिली दोन डायॉप्टरमध्ये, सहसा ०.२५ च्या टप्प्याने असतात, तिसरे अंशांत. −२.०० स्फेरिकल म्हणजे चष्म्याविना साधारण ५० सेंमी. पलीकडचे अस्पष्ट.

लहान मुलांत या स्नायूचा ताण पुरता सुटत नाही व ऋण नंबर जास्त येतो, म्हणून तो ताण घालवणारे थेंब घालून मापन करतात. दाट मोतीबिंदू (पहा : मोतीबिंदू) किंवा शंक्वाकार पारपटल असल्यास मापन अविश्वसनीय ठरते.

यंत्र नजरेची तीक्ष्णता मोजत नाही; ती स्नेलेन तक्त्यावर (१८६२) अक्षरे वाचवून ठरते. छापील आकड्यांवरून थेट चष्मा करणे म्हणूनच योग्य नाही. अक्षरओळख नसलेल्या वा उत्तरे देऊ न शकणाऱ्या रुग्णांत मात्र यंत्राचा मोठा आधार होतो. (पहा : चष्मा, डोळा).