स्टिअरिंगवरील गिअर जमिनीवर आणताना : जुन्या मोटारींमधील रूपांतराची तांत्रिक आणि कायदेशीर बाजू

जुन्या मोटारींमध्ये स्टिअरिंगच्या स्तंभावर असलेला गिअरचा दांडा काढून तो थेट गिअरबॉक्सच्या माथ्यावर, म्हणजे चालकाच्या शेजारी जमिनीवर आणण्याचे रूपांतर अनेक दशकांपासून केले जात आहे. वरकरणी हा केवळ दांड्याची जागा बदलण्याचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात गिअरबॉक्समधील सुरक्षा यंत्रणा, गाडीच्या तळाची मजबुती आणि भारतात त्या गाडीला मिळू शकणारा ‘विंटेज’ दर्जा या तिन्हींशी त्याचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

स्टिअरिंगवरील दांडा रूढ होण्यापूर्वी बहुतेक मोटारींत गिअरचा दांडा जमिनीवर असे. पुढच्या सलग आसनावर तिघांना ऐसपैस बसता यावे, यासाठी अमेरिकी कंपन्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस तो स्टिअरिंगच्या स्तंभावर नेला. कॅडिलॅकने १९३८ मध्ये आणि फोर्डने १९४० च्या मॉडेलपासून ही रचना स्वीकारली. भारतात हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर आणि मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी या दोन्ही गाड्यांच्या बहुसंख्य आवृत्त्यांमध्ये दांडा स्टिअरिंगवरच होता. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झालेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ही या रचनेची महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेली खूण होय.

दोन रचनांतील फरक

स्टिअरिंगवरील दांड्याची हालचाल स्तंभालगतच्या दांडीमार्फत खाली उतरते. तेथून सळ्या आणि लहान तरफांच्या साहाय्याने ती गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. या मार्गात अनेक सांधे असतात. प्रत्येक सांध्यातील बुश थोडे थोडे झिजले की त्यांची एकत्रित ढिलाई दांड्याला जाणवते, गिअर अडखळतो आणि प्रसंगी सळ्या एकमेकींत अडकून पडतात.

माथ्यावरील रचनेत ही साखळीच नसते. गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणात दोन किंवा तीन सरकत्या दांड्या असतात आणि त्यांवर गिअर सरकवणारे काटे बसविलेले असतात. दांडा आडवा हलविला की त्याचे खालचे टोक हव्या त्या दांडीच्या खाचेत जाते. पुढे-मागे हलविला की ती दांडी सरकते. स्प्रिंगवर बसविलेली पोलादी गोळी प्रत्येक दांडीला जागेवर धरून ठेवते. दोन दांड्यांच्या मधल्या पिना किंवा गोळ्या एका वेळी एकच दांडी हलू देतात. ही कुलूप-यंत्रणा या संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ती नसेल किंवा झिजलेली असेल, तर एकाच वेळी दोन गिअर पडतात, गिअरबॉक्स जागीच जाम होतो आणि धावत्या गाडीची मागची चाके अडकू शकतात.

रूपांतराचे तीन मार्ग

पहिला मार्ग सर्वांत सोपा आहे. गिअरबॉक्स तसाच ठेवून जमिनीवर वेगळा दांडा बसवायचा आणि तो सळ्यांनी गिअरबॉक्सच्या बाजूच्या तरफांना जोडायचा. यात मूळ कुलूप-यंत्रणा अबाधित राहते. मात्र सळ्या आणि त्यांची झीज काही प्रमाणात कायम राहते.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच घराण्यातील, माथ्यावर दांडा असलेल्या गिअरबॉक्सचे कवच आणि झाकण वापरणे. तिसऱ्या मार्गात संपूर्ण गिअरबॉक्स बदलला जातो. तेथे क्लचचे आवरण, प्रोपेलर शाफ्टची लांबी, मागचे आधार आणि स्पीडोमीटरचे गुणोत्तर हे सर्वच नव्याने जुळवावे लागते.

फोर्डचे उदाहरण

दुसऱ्या मार्गाचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील जुन्या व्ही-८ फोर्डचे आहे. १९३२ ते १९३९ या काळातील फोर्ड मोटारींच्या तीन-गिअरी गिअरबॉक्सला वरून उघडणारे कवच आणि माथ्यावरचा दांडा होता. १९४० पासून मोटारींमध्ये तरफा कवचाच्या बाजूला गेल्या. हौशी मंडळींनी यावर उपाय शोधला तो असा : नंतरच्या गिअरबॉक्समधील चांगल्या स्थितीतील दातेरी चक्रे काढून ती जुन्या, वरून उघडणाऱ्या कवचात बसवायची आणि त्यावर १९३९ चे झाकण लावायचे. त्यामुळेच १९३९ च्या झाकणाला आजही मोठी मागणी आहे. या फोर्ड गाड्यांना स्वतंत्र चासी असून गिअरबॉक्सवरील तळाचा पत्रा काढता येतो. परिणामी गाडी कापावी न लागता काम होऊ शकते आणि हवे तेव्हा ते पूर्ववत करता येते.

कामाचा क्रम

सुटे भाग खरेदी करण्यापूर्वी झाकणाच्या बोल्टांची मांडणी, काट्यांची रुंदी आणि चक्रांवरील खाच, तसेच मुख्य शाफ्टची लांबी व त्यावरील खाचांची संख्या मोजून घ्यावी. बाहेरून सारखे दिसणारे दोन गिअरबॉक्स आतून भिन्न असू शकतात.

गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर उभी करावी आणि बॅटरी सोडवावी. तेल काढताना त्यात धातूचे कण दिसल्यास आधी गिअरबॉक्सची दुरुस्ती करावी, मग रूपांतराचा विचार करावा. झाकण बसविताना चक्रे आणि काटे दोन्ही न्यूट्रलमध्ये असणे अनिवार्य आहे. अन्यथा काटा खाचेत न बसता वाकतो. बाजूच्या तरफांची छिद्रे उरत असतील तर ती तेल गळणार नाही अशा रीतीने बंद करावीत.

तळाला छिद्र पाडण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करून प्रत्येक गिअरमधील दांड्याची स्थिती तपासावी. मागच्या बाजूला पडणाऱ्या गिअरमध्ये दांडा सलग आसनाला किंवा हँडब्रेकला आपटण्याची शक्यता असते. अमेरिकी संच डाव्या स्टिअरिंगसाठी घडविलेले असल्याने भारतातील उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत दांड्याचा बाक बदलावा लागू शकतो. तेल मात्र कारखान्याच्या पुस्तिकेत नमूद असलेल्या प्रकारचेच भरावे. काही आधुनिक तेलांतील रसायने जुन्या पितळी सिंक्रो कड्यांना मानवत नाहीत.

चाचणी

इंजिन बंद आणि मागची चाके वर असताना प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. झाकण बसविण्यापूर्वीच एक दांडी गिअरमध्ये सरकवून दुसरी हलविण्याचा प्रयत्न करावा. ती तसूभरही हलता कामा नये. या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेले झाकण गाडीवर चढवू नये. त्यानंतर मोकळ्या जागेत कमी वेगाने गाडी चालवावी आणि चढ-उतारावर गिअर आपोआप सुटत नाही ना, याची खातरजमा करावी.

भारतीय गाड्यांचा पेच

अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी या गाड्यांना फोर्डसारखी वेगळी चासी नाही. त्यांचा तळ हा सांगाड्याचाच भाग असून भार पेलतो. तेथे पाडलेल्या छिद्राच्या कडांना मजबुती न दिल्यास तडे आणि गंज यांना वाट मिळते. अ‍ॅम्बेसेडरमध्ये १९९० च्या दशकात इसुझूचे १.८ लिटर इंजिन आले, तेव्हा त्यासोबत पाच गिअरचा, जमिनीवरील दांड्याचा गिअरबॉक्सही आला. जुन्या गाडीत तो बसविताना इंजिनही बदलले गेले, तर नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतो आणि परिवहन कार्यालयाची परवानगी आवश्यक ठरते.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यानुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून नोंदणी १० वर्षे वैध असते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यातील मुख्य अट आहे. म्हणूनच तळ कापण्याचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. दांडा पुन्हा स्टिअरिंगवर नेता येईल; कापलेला पत्रा मूळचा होणार नाही.

कोणता पर्याय निवडावा

गाडी रोज चालवायची असेल आणि विंटेज दर्जाची अपेक्षा नसेल, तर परिवहन कार्यालयाचा सल्ला घेऊन केलेले रूपांतर उपयुक्त ठरू शकते. संग्रहासाठी राखलेल्या गाडीत मात्र प्रथम मूळ रचनेतील बुश, पिना आणि सळ्यांचे समायोजन तपासावे. अडखळणारा गिअर बहुतेकदा गिअरबॉक्सचा नव्हे, तर झिजलेल्या सांध्यांचा दोष असतो आणि नवे बुश बसविल्यावर तो दूर होतो. रूपांतर केलेच, तर स्तंभावरील मूळ दांडा, सळ्या आणि झाकण नावनिशी बांधून जपून ठेवावे. पुढच्या मालकाला गाडी पूर्वरूपात आणावीशी वाटल्यास हेच भाग त्याच्या कामी येतील.